भोपाळचा कचरा आणि नागपूर: ‘पाणी सुरक्षित आहे’ या वाक्याचा अर्थ नेमका काय असतो?

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये काय झालं, हे सगळ्यांना माहीत आहे. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा वायू गळला आणि हजारो माणसं गेली. पण त्या कारखान्याच्या आवारात आणि आसपासच्या मातीत जो कचरा पडून राहिला, त्याचं पुढे काय झालं, हे फारसं कोणी सांगत नाही. ही दुसरी गोष्ट चाळीस वर्षं चालली, आणि तिच्यात नागपूर दोन वेळा येतं.

एकदा प्रयोगशाळा म्हणून. भोपाळच्या माती-पाण्याचे सुरुवातीचे महत्त्वाचे अहवाल नागपूरच्या ‘नीरी’ने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, तयार केले. दुसऱ्यांदा जागा म्हणून. २०११ मध्ये हाच कचरा नागपूरजवळच्या बोरखेडीला आणून जाळा, असा आदेश निघाला होता.

या लेखात आपण ही गोष्ट तांत्रिक बाजूने समजून घेऊ. घातक रसायन जमिनीतून विहिरीपर्यंत कसं पोहोचतं, ते तपासतात कसं, जाळतात कसं, आणि एखादा सरकारी अहवाल ‘धोका नाही’ असं म्हणतो तेव्हा तुम्ही त्यात काय बघायला हवं, असे हे चार प्रश्न आहेत.

कारखान्यात नेमकं होतं काय?

भोपाळच्या कारखान्यात ‘सेविन’ नावाचं कीटकनाशक बनायचं. त्याचं रासायनिक नाव कार्बारिल. अल्फा-नॅफ्थॉल आणि मिथाइल आयसोसायनेट यांच्या अभिक्रियेतून ते तयार होतं. हे करताना क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड अशी द्रावकं लागतात. काही यंत्रांत पारा होता. याशिवाय तिथल्या मातीत एचसीएच (जुन्या शेतकऱ्यांना ‘बीएचसी पावडर’ आठवत असेल, तेच) आणि डायक्लोरोबेंझिन सापडलेलं आहे.

म्हणजे १९८४ ची वायुगळती झाली नसती तरी तिथे प्रदूषणाचा प्रश्न होताच. कारखान्याचं सांडपाणी साठवायला १९७७ च्या सुमारास आवाराच्या उत्तरेला मोठी ‘सौर बाष्पीभवन तळी’ बांधली होती. कल्पना साधी: पाणी उन्हाने उडून जाईल, गाळ खाली राहील. तळाला प्लॅस्टिकचं अस्तर होतं. ते गळतंय, हे कंपनीला १९८२ मध्येच कळलं होतं. वायुगळतीच्या दोन वर्षं आधी.

मिथाइल आयसोसायनेट हवेत जातं, पाण्याशी अभिक्रिया करून संपतं. एचसीएच, पारा आणि क्लोरीनयुक्त द्रावकं तशी संपत नाहीत. त्यामुळे ‘भोपाळ’ म्हणून जे आपण ओळखतो ती एक घटना नसून दोन वेगवेगळ्या समस्या आहेत. एक रात्रीत घडलेली, दुसरी अजून चालू असलेली. नुकसानभरपाईचा जो करार १९८९ मध्ये झाला तो पहिल्या समस्येसाठी होता.

नीरी मधे कशी आली?

नीरीची स्थापना १९५८ मध्ये नागपुरात झाली. तेव्हा तिचं नाव वेगळं होतं: केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था. मुख्य काम पिण्याचं पाणी आणि मैला-सांडपाणी. १९७४ मध्ये नाव बदलून ‘नीरी’ झालं. संस्थेचं काम किती उपयोगी आहे याचं एक उदाहरण आपल्या भागातलंच आहे. पाण्यातलं फ्लोराइड तुरटी आणि चुना वापरून काढायची ‘नलगोंडा पद्धत’ नीरीने विकसित केली. यवतमाळ, चंद्रपूरकडे फ्लोराइडमुळे दात पिवळे पडलेली माणसं ज्यांनी बघितली आहेत त्यांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

हे आधी सांगायचं कारण असं, की पुढचा भाग वाचून ‘सरकारी संस्था म्हणजे असंच’ असा सोपा निष्कर्ष काढू नये. तसं ते नाही. प्रश्न पद्धतीचा आहे.

नीरीने १९९० मध्ये बाष्पीभवन तळ्यांच्या परिसराबद्दल अहवाल दिला. निष्कर्ष असा होता की आसपासचं भूजल या तळ्यांमुळे दूषित झालेलं नाही. १९९७ मध्ये दुसरा अहवाल आला, तो कारखान्याच्या तेव्हाच्या मालक कंपनीसाठी केलेला होता. त्यात आवारातली माती काही ठिकाणी दूषित आहे हे मान्य केलं, पण भूजलापर्यंत ते गेलेलं नाही असं म्हटलं. मातीतून झिरपत भूजलापर्यंत पोहोचायला दूषित पदार्थांना साधारण २३ वर्षं लागतील, असा हिशोब त्यात मांडला होता.

आता गंमत बघा. युनियन कार्बाइडने हा अहवाल आर्थर डी. लिटल या अमेरिकन सल्लागार कंपनीला वाचायला दिला. त्या सल्लागाराचं म्हणणं पडलं की २३ वर्षांचा आकडा फार आशावादी आहे, परिस्थिती वाईट धरली तर हा काळ २ वर्षांइतका कमी असू शकतो. आणि त्याच्याही आधी, १९८९ मध्ये, कंपनीने स्वतःच आवारातल्या नमुन्यांवर चाचणी केली होती. त्या पाण्यात सोडलेले मासे मेले. हे कागद लोकांसमोर आले ते पुढे अमेरिकेत चाललेल्या खटल्यामुळे.

म्हणजे काही वर्षं परिस्थिती अशी होती की कंपनीच्या कपाटातला कागद एक सांगत होता आणि भोपाळच्या हापशावर पाणी भरणाऱ्या बाईला मिळणारं उत्तर दुसरंच होतं.

२३ आणि २ मध्ये एवढा फरक कसा?

दोन्हीकडे शिकलेली माणसं होती. मग एकाच जमिनीसाठी दहापटीहून मोठा फरक कसा येतो?

पाणी जमिनीतून किती वेगाने खाली जाईल हे काढायला मुख्यतः तीन गोष्टी लागतात: भूजल किती खोल आहे, मातीचे थर कोणते आहेत, आणि त्या थरांतून पाणी किती सहज झिरपतं. तिसऱ्या गोष्टीला पारगम्यता म्हणतात. घट्ट चिकण माती आणि वाळू यांच्या पारगम्यतेत हजारो-लाखो पटींचा फरक असतो. तुम्ही गृहीत धरलं की खाली सगळीकडे सलग, एकसारखी चिकण माती आहे, तर वेळ खूप जास्त येतो. त्याच मातीत मध्ये वाळूची एक पट्टी असली किंवा भेगा असल्या की हिशोब कोसळतो.

विदर्भातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. मे महिन्यात काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून सरळ आत जातं, झिरपत बसत नाही. प्रयोगशाळेत त्याच मातीचा ओला गोळा घेऊन पारगम्यता मोजली तर उत्तर येईल ‘जवळजवळ शून्य’.

दुसरी अडचण रसायनाची. कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोफॉर्म यांच्यासारखी द्रावकं पाण्यापेक्षा जड असतात. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, ही मात्र खाली बुडतात. भूजलाच्या पृष्ठभागावर न थांबता ती जलधारक थराच्या तळापर्यंत जातात, तिथल्या खडकाच्या उतारावरून सरकतात, खळग्यांत साचतात आणि वर्षानुवर्षं थोडी थोडी विरघळत राहतात. त्यामुळे उथळ विहिरीचा नमुना स्वच्छ येऊ शकतो आणि शंभर मीटरवरच्या खोल बोअरचा नमुना भयंकर येऊ शकतो. भूजलाचा प्रवाह एका दिशेला असला तरी ही द्रावकं तीच दिशा पाळतील असंही नाही.

‘आढळलं नाही’ म्हणजे ‘नाही’ असं नसतं

हा मुद्दा सगळ्यात जास्त समजून घेण्यासारखा आहे, कारण तो तुमच्या घरच्या पाण्यालाही लागू होतो.

घरी आरओ बसवायला आलेला माणूस खिशातून टीडीएस मीटर काढतो, पाण्यात बुडवतो आणि म्हणतो, ‘बघा, साडेचारशे.’ टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. मीटर खरं तर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून अंदाज देतो. क्लोरोफॉर्म किंवा एचसीएचमधून वीज वाहत नाही. त्यामुळे टीडीएस ५० असलेलं, चवीला गोड पाणी कीटकनाशकाने दूषित असू शकतं आणि मीटरला ते कधीच कळणार नाही.

प्रयोगशाळेतही हाच प्रकार वरच्या पातळीवर होतो. नेहमीच्या तपासणीत पीएच, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, सीओडी अशा गोष्टी बघतात. सीओडी म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांच्या विघटनाला रासायनिक रीतीने लागणारा ऑक्सिजन. ते एकूण माप आहे, कोणतं रसायन आहे ते सांगत नाही. एकेक कीटकनाशक किंवा द्रावक शोधायचं तर गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो, शक्यतो मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेला. आणि त्यातही आधी ठरवावं लागतं की कोणत्या रसायनांची यादी शोधायची. यादीत नाव नसेल तर ते रसायन डोळ्यासमोर असूनही अहवालात येत नाही.

मग येते शोधमर्यादा. प्रत्येक यंत्राची आणि पद्धतीची एक खालची सीमा असते. त्याखाली असलं तर अहवालात ‘बीडीएल’ लिहितात, म्हणजे शोधमर्यादेच्या खाली. आता आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, अल्फा-एचसीएचची मर्यादा आहे लिटरमागे ०.०१ मायक्रोग्रॅम. म्हणजे शंभर अब्ज भागांत एक भाग. प्रयोगशाळेच्या यंत्राची शोधमर्यादा समजा लिटरमागे १ मायक्रोग्रॅम असेल, तर मर्यादेच्या पन्नासपट जास्त एचसीएच असलेल्या पाण्यावरही ‘बीडीएल’ असाच शिक्का बसेल. अहवाल खोटा नाही. पण वाचणारा जे समजतो ते चूक आहे.

नमुना कसा घेतला यावरही बरंच अवलंबून असतं. क्लोरोफॉर्मसारखी द्रावकं उडून जाणारी आहेत. बाटली अर्धवट भरली, उन्हात गाडीत ठेवली, दोन दिवसांनी तपासली, की अर्धं रसायन गायब. म्हणून अशा नमुन्याची बाटली काठोकाठ भरून, हवेचा बुडबुडा न ठेवता, बर्फात न्यावी लागते.

भोपाळमध्ये १९९९ मध्ये ग्रीनपीस या संस्थेने आवाराजवळच्या विहिरींत नेमकी ही क्लोरीनयुक्त द्रावकं शोधली आणि ती सापडली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसपासच्या वस्त्यांना पिण्याचं स्वच्छ पाणी पुरवायचा आदेश दिला. २००९ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने कारखान्यापासून सुमारे ३ किलोमीटरवरच्या भूजलातही कीटकनाशकांचे अंश असल्याचं दाखवलं. नंतर लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेच्या तपासण्यांत दूषित भूजल असलेल्या वस्त्यांची यादी वाढत गेली. आधी २२, मग ४२.

नीरीनेही हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेबरोबर २०१० मध्ये नव्याने अभ्यास केला. या वेळी आवारात आणि लगतच्या जागेत सुमारे ११ लाख टन माती दूषित असल्याचा अंदाज पुढे आला. भूजलाबद्दल अहवाल सावधच होता: सर्वसाधारण प्रदूषण नाही, काही मोजक्या विहिरींत कीटकनाशकं आहेत. तरी १९९० पासूनचा प्रवास बघितला तर फरक लक्षात येतो. पाणी तेच होतं. शोधणारे काय शोधतात, कुठे आणि किती खोलवर शोधतात, ते बदलत गेलं.

धोका आणि जोखीम

इथे दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत. रसायनात अंगभूत असलेला घातकपणा म्हणजे धोका. त्या रसायनाशी तुमचा संपर्क किती, किती दिवस, कोणत्या मार्गाने येतो यावरून ठरते ती जोखीम. गोदामात सीलबंद पिंपात ठेवलेला पारा धोकादायक आहे, पण शेजारच्या गल्लीतल्या माणसाची जोखीम कमी आहे. तोच पारा तलावात गेला, माशात गेला, ताटात आला, की जोखीम वाढली.

भोपाळच्या वस्त्यांत संपर्काचा मार्ग रोजचा होता: पिणं, स्वयंपाक, अंघोळ. मात्रा कमी, काळ लांब. अशा संपर्काचे परिणाम एका सकाळी दिसत नाहीत. कार्बन टेट्राक्लोराइड यकृतावर, पारा मज्जासंस्थेवर परिणाम करतो. एचसीएच चरबीत साठतं आणि आईच्या दुधातून बाळाकडे जातं. म्हणूनच लिंडेनसह एचसीएचचे तीन प्रकार २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत घातले गेले. हा करार न संपणाऱ्या सेंद्रिय प्रदूषकांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार आहे, आणि त्याचं आशियातलं एक प्रादेशिक केंद्र नागपूरला नीरीमध्येच आहे.

अशा आजाराचं कारण एका माणसापुरतं सिद्ध करणं जवळजवळ अशक्य असतं. कोर्टात विचारतात, ‘याच पाण्याने झालं कशावरून?’ दारू, तंबाखू, कुपोषण, आणि भोपाळमध्ये त्या रात्रीचा वायूही, अशी दहा कारणं पुढे करता येतात. त्यामुळे लोकसंख्येच्या पातळीवरचा दीर्घ अभ्यास लागतो, आणि तो करायला नेमकं पैसे आणि इच्छा दोन्ही कमी पडतात.

३३७ टन, आणि बोरखेडी

आता दुसरी बाजू. आवारातल्या गोदामात गोळा करून ठेवलेला कचरा होता ३३७ टन. त्यात १६२ टन दूषित माती, ९२ टन सेविन आणि नॅफ्थॉलचे अवशेष, ५४ टन अर्धवट बनलेली कीटकनाशकं आणि २९ टन रिअ‍ॅक्टरमधला गाळ. (याशिवाय सुमारे ४० टन चुन्याचा गाळ २००८ मध्येच मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला नेऊन पुरला होता.)

हा ३३७ टन कुठे जाळायचा? आधी गुजरातमधल्या अंकलेश्वरचं नाव आलं. गुजरात सरकारने नकार दिला. जुलै २०११ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तो नागपूरजवळ बोरखेडी इथल्या डीआरडीओच्या, म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेच्या, भट्टीत जाळायचा आदेश दिला. बोरखेडी बुटीबोरीच्या पुढे, हैदराबाद रस्त्यावर. नागपुरात लगेच विरोध सुरू झाला, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिका गेली आणि खंडपीठाने कचरा आणायला मनाई केली. राज्य सरकार आणि प्रदूषण नियंत्रण मंडळही विरोधातच होतं. कचरा आला नाही.

२०१२ मध्ये जर्मनीच्या जीआयझेड या सरकारी संस्थेने विमानाने नेऊन तिकडे जाळायची तयारी दाखवली. खर्च साधारण २५ कोटी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी माघार घेतली, कारण तिकडेही लोकांना तो नको होता.

नागपूरकरांनी नाही म्हटलं ते बरोबर की चूक? माझं मत सांगतो. दुसऱ्या राज्याच्या न्यायालयाने आदेश दिला म्हणून, त्या भट्टीत हा विशिष्ट कचरा जाळून काय बाहेर पडतं याची जाहीर चाचणी न करता, शेकडो किलोमीटर रस्त्याने विषारी माल आणायला विरोध करणं योग्यच होतं. पण ‘आमच्या दारात नको’ एवढ्यावरच थांबलं की कचरा जिथे विरोध सर्वांत कमजोर तिथे जातो. शेवटी तसंच झालं. आणि भोपाळच्या वस्तीतली माणसं तोपर्यंत त्याच कचऱ्याशेजारी राहत होती, याचा विचार आपण कोणीच फारसा केला नाही.

भट्टीत काय होतं?

घातक कचऱ्याची भट्टी म्हणजे कचरा पेटवायचा खड्डा नव्हे. पहिला भाग असतो फिरणारं, जरा तिरकं लावलेलं पोलादी नळकांडं, आतून अग्निविटांनी मढवलेलं. कचरा एका टोकाने आत जातो, फिरत फिरत जळतो, राख दुसऱ्या टोकाला पडते. निघालेला वायू दुसऱ्या कक्षात जातो. तिथे तापमान ११०० अंशांच्या वर ठेवायचं आणि वायू किमान २ सेकंद तिथे राहिला पाहिजे, असा नियम आहे. एवढ्या उष्णतेत सेंद्रिय रेणू तुटतात. नियमाप्रमाणे मुख्य घातक घटकांचा ९९.९९ टक्के नाश व्हायला हवा. ऐकायला हे शंभर टक्केच वाटतं, पण १ टन शुद्ध विषातले १०० ग्रॅम तरीही शिल्लक राहतात.

खरी नाजूक वेळ त्यानंतरची. क्लोरीन असलेला वायू साधारण २०० ते ४५० अंशांच्या पट्ट्यातून हळूहळू थंड झाला, तर धुळीच्या कणांवर डायऑक्सिन नावाची अतिविषारी संयुगं नव्याने तयार होतात. म्हणजे विष जाळलं आणि दुसरं विष बनवलं. ते टाळायला वायूवर पाण्याचा फवारा मारून तो क्षणात थंड करतात. मग चुना आम्ल शोषतो, सक्रिय कोळसा डायऑक्सिन आणि पाऱ्याची वाफ धरतो, कापडी पिशव्यांचे फिल्टर धूळ अडवतात.

डायऑक्सिनची मर्यादा आहे घनमीटरमागे ०.१ नॅनोग्रॅम. एक ग्रॅम डायऑक्सिन १० घनकिलोमीटर हवेत पसरवलं तर जेवढं होईल तेवढं. चिमणीवरच्या पडद्यावर धूळ, कार्बन मोनॉक्साइड, सल्फर डायऑक्साइड यांचे आकडे सतत दिसतात. डायऑक्सिन तसं दिसत नाही. त्यासाठी चिमणीतून काही तास नमुना ओढावा लागतो आणि प्रयोगशाळेतून उत्तर यायला दिवस लागतात. त्यामुळे ‘ऑनलाइन मॉनिटरिंग आहे, काळजी नको’ असं कोणी म्हटलं तर विचारा, कशाचं मॉनिटरिंग?

पारा जळत नाही. शिसं, क्रोमियम जळत नाही. ते एकतर राखेत राहतात किंवा वाफ होऊन वर जातात. भट्टी धातूंचा नाश करत नाही, फक्त त्यांची जागा बदलते.

शेवटी पीथमपूर

३ डिसेंबर २०२४ ला मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने चार आठवड्यांत कचरा हलवा असं बजावलं. १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ कंटेनर भोपाळहून निघाले आणि सुमारे २५० किलोमीटरवरच्या पीथमपूरला पोहोचले. हे धार जिल्ह्यातलं, इंदूरजवळचं औद्योगिक गाव. तिथे मोठं आंदोलन झालं, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. फेब्रुवारीअखेर सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिल्यावर १०-१० टनांच्या तीन चाचण्या झाल्या: ताशी १३५, १८० आणि २७० किलो या वेगांनी. उरलेला कचरा मे आणि जूनमध्ये ताशी २७० किलोने जाळला. केंद्राने या सगळ्यासाठी १२६ कोटी दिले होते.

३३७ टन जाळून राख आणि अवशेष झाले ८०० टनांहून जास्त. जाळल्यावर वजन वाढतं कसं, असं अनेकांनी विचारलं. उत्तर वरच आहे: निम्म्याच्या आसपास कचरा तर माती होती, जी जळतच नाही, आणि वर आम्ल मारायला भरपूर चुना टाकला. राख कुठे ठेवायची, तिच्यातल्या पाऱ्याचं काय, हा प्रश्न पुन्हा उच्च न्यायालयासमोर गेला.

अहवाल वाचताना

भोपाळनंतर भारतात कायदे झाले. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८९ चे घातक रसायनांच्या साठवणुकीचे आणि घातक कचऱ्याचे नियम (कचऱ्याचे आता २०१६ चे लागू आहेत), १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा. कागदावर चित्र बरं आहे. कमतरता आहे ती आधीच्या टप्प्यावर. युरोपात २००७ पासून नियम आहे की रसायनाची सुरक्षा माहिती उत्पादकाने द्यायची, माहिती नाही तर विक्री नाही. आपल्याकडे बहुतेक वेळा आधी रसायन येतं आणि ते हानिकारक आहे हे दाखवायची जबाबदारी शेजारी राहणाऱ्यावर पडते.

नागपूर-विदर्भात हे अहवाल तुमच्या हातात कधी ना कधी येणार आहेत. बुटीबोरीला घातक कचऱ्याचं सामायिक केंद्र आहे. कोराडी-खापरखेड्याची राख आहे. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा राख थेट नाल्यात आणि शेतात गेली. अशा वेळी ‘नमुने मर्यादेत’ अशी बातमी येते. ती वाचून घाबरू नका आणि लगेच निश्चिंतही होऊ नका. मूळ अहवाल मागा. माहिती अधिकारात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून तो मिळू शकतो. पहिलं पान आणि निष्कर्ष नंतर वाचा, आधी तक्ते बघा. कोणकोणती रसायनं शोधली? जी त्या कारखान्यात वापरतात ती यादीत आहेत का? जिथे ‘बीडीएल’ लिहिलंय तिथे शोधमर्यादा किती होती, आणि ती मानकापेक्षा कमी आहे का? नमुने किती, कोणत्या महिन्यात, विहीर किती खोल? पावसाळ्यानंतरचा एकच नमुना असेल तर तो पातळ झालेल्या पाण्याचा आहे. अभ्यासाचे पैसे कोणी दिले, हेही बघा. पैसे दिले म्हणजे निष्कर्ष विकत घेतला असं नाही, पण प्रश्न कोणी ठरवला ते त्यातून कळतं.

भोपाळच्या आवारातून ३३७ टन गेले. नीरीच्या २०१० च्या अभ्यासातली ११ लाख टन माती तिथेच आहे, आणि तिच्या खालचं पाणीही.